जिटाच्या बाजारात माल खपतो, मग पैसा कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात ५० कोटी इस्क (तिथलं चलन) जमल्यावर एका खेळाडूने जिटा या तिथल्या सर्वांत मोठ्या बाजारात बस्तान मांडलं. खरेदी आणि विक्रीच्या भावात पंधरा-वीस टक्के फरक दिसेल असा माल शोधायचा, खरेदीची ऑर्डर लावायची, माल हातात आला की विक्रीला ठेवायचा. कुणी भाव पाडला की लगेच आपणही पाडायचा. दोन महिने हे चाललं आहे, माल विकला जातोय, तरी वॉलेटमधला आकडा जागचा हलत नाही. कुठे गळती आहे? आणि माल दुसऱ्या बाजारात नेऊन विकावा का?

गळती दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही बाजाराच्या खिडकीत दिसत नाहीत. आधी त्या बुजवूया. दुसऱ्या बाजाराचा विचार त्यानंतर करू.

ऑर्डर लावली की दलाली लागते. खरेदीच्या ऑर्डरवर लागते आणि विक्रीच्याही ऑर्डरवर लागते. माल विकला गेला की वर विक्रीकर. तुमच्या पात्राने व्यापाराची कौशल्यं शिकलेली नसतील तर दलाली ३ टक्के आणि विक्रीकर साडेसात टक्क्यांच्या आसपास धरा. हे दर खेळ चालवणारी कंपनी अधूनमधून बदलते, म्हणून आपला सध्याचा दर ऑर्डरच्या खिडकीत पाहून घ्यावा. आता मांडून बघा. एक वस्तू १०,००,००० ला घेतली, ११,५०,००० ला विकली. दिसायला १५ टक्के फायदा. खरेदीची दलाली ३०,०००, विक्रीची दलाली ३४,५००, विक्रीकर ८६,२५०. एकूण १,५०,७५०. म्हणजे दीड लाखाचा फरक मिळूनही वर साडेसातशे पदरचे गेले! माल विकला जातोय आणि पैसा वाढत नाही, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

हाच सौदा ‘अकाउंटिंग’ आणि ‘ब्रोकर रिलेशन्स’ पाचव्या पायरीपर्यंत शिकलेल्या व्यापाऱ्याने केला तर दलाली दीड टक्क्यावर येते आणि विक्रीकर साडेतीनच्या आत. त्याचा खर्च साधारण ७१,००० होतो आणि ७९,००० च्या जवळपास सुटतात. म्हणजे जिटात तुमच्या शेजारी बसलेला माणूस आठ टक्के कमावतोय त्याच भावात तुम्ही तोट्यात आहात. तो भाव आणखी पाडू शकतो, तुम्ही नाही. म्हणून माझा आग्रह आहे की कोणताही नवा माल घेण्याआधी ही दोन कौशल्यं निदान चौथ्या पायरीवर न्या. चौथी पायरी काही दिवसांत होते, पाचवीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, पण व्यापारच करायचा असेल तर तीही घ्याच. शिवाय जिटाचं ते प्रसिद्ध स्टेशन, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्रावरचं, कॅल्डारी नेव्ही या खेळातल्याच संस्थेच्या मालकीचं आहे. कॅल्डारी नेव्ही आणि कॅल्डारी स्टेट यांच्याशी तुमची पत वाढली की दलाली आणखी थोडी उतरते. त्यासाठी मोहिमा करणं कंटाळवाणं आहे खरं, पण रोजच्या उलाढालीवर अर्धा टक्का वाचणं ही फार मोठी गोष्ट आहे. मोफत म्हणजे अल्फा खात्याला या कौशल्यांवर मर्यादा असतात, हेही हिशेबात धरा.

दुसरी गळती सतत भाव बदलण्याची. पूर्वी या खेळात पुढच्यापेक्षा ०.०१ इस्क कमी लावायचं आणि दिवसभर तेच करत बसायचं अशी रीत होती. २०२० मध्ये कंपनीने दोन गोष्टी केल्या. भावात फक्त पहिले चार अंकच तुम्हाला ठरवता येतात, त्यामुळे ११,५०,००० च्या मालाचा भाव पाडायचा तर किमान १,००० ने पाडावा लागतो. आणि ऑर्डरमध्ये बदल केला की प्रत्येक वेळी शुल्क लागतं. कौशल्य नसेल तर हे शुल्क दलालीच्या निम्मं असतं, तेही न विकलेल्या सगळ्या मालाच्या किमतीवर. ३ टक्के दलाली भरणाऱ्याला एका बदलाला दीड टक्का पडतो. एक कोटीच्या ऑर्डरचा भाव दहा वेळा हलवला तर १५ लाख गेले, आणि माल अजून तिथेच. भाव वर न्यायचा असेल तर वाढीव रकमेवरची दलालीही भरावी लागते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्रोकर रिलेशन्स’ शिकलं की हा खर्च बराच कमी होतो, पण सवय बदलणं जास्त महत्त्वाचं. तुमच्या खाली कुणी पाच नग लावले असतील आणि रोज दोनशे खपत असतील, तर त्याला जाऊ द्या. तासाभरात त्याचा माल संपेल आणि तुमची ऑर्डर पुन्हा पहिली येईल. त्याने हजार नग लावले असतील तरच विचार करा, आणि तेव्हा हजाराने पाडण्यापेक्षा एकदाच ठसठशीत पाडा. मार्जिन खरंच कमी झालंय हे दिसलं की घाईघाईने खेळणारे आपोआप दूर होतात.

आता माल निवडण्याकडे येतो, कारण खरा व्यापार इथे आहे.

बहुतेक नवे खेळाडू टक्केवारी लावून यादी करतात आणि सर्वांत वरचं उचलतात. यादीत सर्वांत वर नेमका तो माल असतो ज्याला उठाव नाही. फरक मोठा दिसतो, कारण तिथे कुणी सौदेच करत नाही. पाच कोटींचा असा माल घेतला, महिनाभराने ३० टक्के सुटले, तर दीड कोटी मिळाले. तेच पाच कोटी रोज खपणाऱ्या मालात घातले, खर्च जाऊन फक्त ६ टक्के सुटले, पण दर तीन दिवसांनी पैसा मोकळा झाला, तर महिन्यात दहा फेरे होतात आणि तीन कोटी मिळतात. दुप्पट. खरेदीच्या ऑर्डरची संपूर्ण रक्कम आधीच अडकून पडते, हे इथे विसरू नका. ५० कोटींतले ३० कोटी न भरणाऱ्या खरेदी-ऑर्डरींत आणि १५ कोटी न विकणाऱ्या मालात असतील, तर तुमचं खेळतं भांडवल ५ कोटी आहे, ५० नव्हे. मी माल पाहताना टक्क्यांच्या आधी एकच गोष्ट पाहतो: हा पैसा किती दिवसांत परत माझ्या हातात येईल?

ते ओळखायला बाहेरचं काही लागत नाही. बाजाराच्या खिडकीत भावाच्या इतिहासाचा तक्ता आहे. आलेख सुंदर दिसतो, पण आलेख बाजूला ठेवून तक्त्याचे रकाने उघडा. रोज किती नग विकले गेले, किती सौद्यांत, दिवसाचा नीचांक, उच्चांक आणि सरासरी. दिवसाला दोनशे नग खपले पण सौदे दोनच असतील, तर एखाद्या मोठ्या संघटनेने एकदम उचल केली असं समजा. त्यावर तुमचं दुकान चालणार नाही. दोनशे नग शंभर सौद्यांत खपत असतील तर तो चालता माल.

मग सरासरीकडे बघा, कारण नवख्यांची नजर इथे सहसा पोचत नाही. सरासरी उच्चांकाला चिकटलेली असेल तर लोक बहुतेक विक्रीच्या ऑर्डरींतून घेत आहेत. तुमचा माल विकला जाईल, पण खरेदीची ऑर्डर रिकामी बसेल. सरासरी नीचांकाला चिकटलेली असेल तर उलट: लोक येऊन खरेदीच्या ऑर्डरींवर माल टाकून जात आहेत. तुमच्याकडे ढीग जमेल आणि तो विकायला वेळ लागेल. मला मधली सरासरी आवडते. दोन्ही बाजूंनी वर्दळ असेल तरच स्टेशनात बसून केलेला व्यापार चालतो. नीचांक आणि उच्चांक यांत फरकच नसेल तर त्या दिवशी सौदे एकाच बाजूने झालेत, एवढं त्यावरून कळतं.

याच्या जोडीला पुढे असलेला साठा मोजा. तुमच्या भावाच्या आसपास आणि त्याखाली ४,००० नग विक्रीला असतील आणि रोज १०० खपत असतील, तर तुमच्या आधी चाळीस दिवसांचा माल रांगेत आहे. अशा ठिकाणी मार्जिन कितीही असो, मी जात नाही. आणि रोजच्या खपातला किती हिस्सा आपल्या वाट्याला येईल, याचा अंदाज कमीच धरावा. पहिल्या काही ऑर्डरींत दहा जण स्पर्धेत असतील तर दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त माल घेऊच नये.

ऐन मोक्याच्या वेळी भाव दुप्पट-तिप्पट झालेला दिसला तर वीस दिवसांची सरासरी पाहा. कमी खपाचा माल कुणीतरी सगळा उचलायचा, तिप्पट भावाने परत लावायचा आणि वर एक-दोन फुगवलेल्या खरेदी-ऑर्डरी ठेवायच्या, हा जिटातला जुना उद्योग आहे. नवा माणूस ‘खरेदीचाच भाव एवढा आहे’ म्हणून महागात माल घेतो आणि त्याच क्षणी ती खरेदी-ऑर्डर गायब होते. भाव टाकताना शून्यं मोजा. एक शून्य जास्त पडलेली खरेदी-ऑर्डर क्षणात भरते आणि पैसे परत मिळत नाहीत.

५० कोटींत कोणता माल? नेमकी यादी देणं योग्य नाही, कारण दोन आठवड्यांत ती शिळी होईल, पण जात सांगतो. जे लढाईत वापरून संपतं किंवा जहाजाबरोबर जळतं ते. दारूगोळा, क्षेपणास्त्रं, ड्रोन, नॅनाइट रिपेअर पेस्ट, कॅपॅसिटर बूस्टर, आणि जवळजवळ प्रत्येक जहाजावर बसणारे डॅमेज कंट्रोलसारखे भाग. प्लेक्स (खेळाची वर्गणी भरायला चालणारी वस्तू) आणि स्किल इंजेक्टर (कौशल्य झटपट वाढवणारी वस्तू) यांचा खप प्रचंड आहे, पण तिथे फरक इतका बारीक असतो की तुमची कौशल्यं पूर्ण नसतील तर तिकडे फिरकूही नका. सुरुवातीला पंधरा-वीस प्रकारांत पैसा वाटा. एका प्रकारात एकूण भांडवलाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ऑर्डरींची संख्याही कौशल्यावर आहे: सुरुवातीला पाचच मिळतात, ‘ट्रेड’च्या प्रत्येक पायरीला चार वाढतात, ‘रिटेल’च्या प्रत्येक पायरीला आठ.

हा माल का खपतो हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. या विश्वातली जवळजवळ प्रत्येक वस्तू खेळाडूंनी बनवलेली आहे आणि फुटलेलं जहाज कायमचं जातं. मागणी येते ती नाशातून. २७ जानेवारी २०१४ रोजी बी-आर फाइव्ह आर-बी या ताऱ्याभोवती झालेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, नष्ट झाली. असं नुकसान भरून काढायला प्रचंड धातू-खनिज लागतं. चीन वगळता सर्व्हर एकच असल्यामुळे इथली प्रत्येक मोठी घटना तुमच्या ऑर्डरींपर्यंत पोचते. कंपनीने २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतलं होतं, ते याच अर्थव्यवस्थेवर नजर ठेवायला. आजही दर महिन्याला आर्थिक अहवाल निघतो. त्यात कोणत्या प्रदेशात किती व्यापार झाला, किती माल बनला, किती नष्ट झाला हे छापलेलं असतं. व्यापारी असूनही तो न वाचणारे पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. एवढी माहिती फुकट मिळतेय!

आता माल बाहेर नेण्याबद्दल. होय, न्यावा, पण आधी जिटातले दोन छिद्र बुजवून. जिटाच्या मानाने अमार, डोडिक्सी, रेन्स आणि हेक हे बाजार लहान आहेत आणि ग्राहकाला पाच-दहा टक्के जास्त देणं परवडतं, कारण त्याला जिटापर्यंतचा प्रवास वाचवायचा असतो. तो खरेदी करतो ती आपल्या सोयीसाठी. त्याला जहाजाचे सगळे भाग एकाच स्टेशनात हवे असतात. दहा भागांपैकी आठच मिळत असतील तर तो आठांसाठीही तिथे येत नाही. म्हणून लहान बाजारात एकाच प्रकाराचा डोंगर नेण्यापेक्षा एखाद्या लोकप्रिय जहाजाला लागणारा पूर्ण संच थोड्या थोड्या संख्येत ठेवा. स्वस्त, पण हमखास लागणारे भाग तिथे ३०-४० टक्के जास्त भावानेही जातात. इथे मी जिटातला माल खरेदी-ऑर्डरने घेतो आणि तिकडे विक्री-ऑर्डर लावून विसरतो. ऑर्डर ९० दिवस टिकते. लहान बाजारात स्पर्धक आठवड्यातून एखाद्या वेळी डोकावतात, त्यामुळे भाव बदलण्याचा खर्चही कमी.

वाहतुकीत दोन आकडे सांभाळा: प्रति घनमीटर नफा आणि खेपेची एकूण किंमत. पहिल्यावरून ठरतं काय न्यायचं. दारूगोळा, ड्रोन, इम्प्लांट कमी जागेत जास्त किमतीचे. दुसऱ्यावरून ठरतं तुम्ही पोचणार का. उच्च सुरक्षेच्या भागातही हल्ला होतो. कॉनकॉर्ड हे खेळातलं पोलीस दल हल्लेखोराला मारतं, पण ते येईपर्यंत काही सेकंद जातात, आणि सुरक्षा ०.५ असलेल्या ठिकाणी ते सर्वांत उशिरा येतं. उएदामा हे तसंच ठिकाण, आणि तिथे स्वस्त कॅटॅलिस्ट जहाजांची टोळी तुमचा माल स्कॅन करून बसलेली असते. फुटलेल्या जहाजातला साधारण निम्मा माल शाबूत पडतो. त्या निम्म्याची किंमत त्यांच्या मरणाऱ्या जहाजांपेक्षा जास्त भरली की तुम्ही त्यांच्या दृष्टीने सावज. म्हणून साध्या मालवाहू जहाजात सगळं भांडवल भरून ऑटोपायलट लावणं म्हणजे त्यांना निमंत्रण देणं. ऑटोपायलट जहाजाला गेटच्या (पुढच्या ताऱ्याकडे उडी मारायच्या दाराच्या) अलीकडे काही किलोमीटर थांबवून सरपटत नेतो. कमी किमतीच्या दोन खेपा करा, किंवा ब्लॉकेड रनर हे लपून जाणारं मालवाहू जहाज चालवायला शिका, किंवा सरळ कुरिअरचं कंत्राट द्या. कंत्राटात मालाच्या पूर्ण किमतीएवढी अनामत मागा. माल बुडाला तर अनामत तुमची. भाडं द्यावं लागेल, पण त्या वेळेत तुम्ही ऑर्डरी सांभाळता.

मार्ग बदलले की भाव बदलतात, हेही पाहून ठेवा. २०२० मध्ये खेळातल्या ट्रिग्लेव्हियन या शत्रूंच्या आक्रमणात वाटेवरचं नियार्जा पडलं आणि जिटा ते अमार हा नऊ उड्यांचा सुरक्षित रस्ता ४५ उड्यांचा झाला. दोन्हीकडच्या भावांत दरी पडली. जे लांबच्या वाटेने किंवा धोक्याच्या जवळच्या वाटेने माल नेऊ शकत होते त्यांची तेव्हा चांदी झाली. अशी संधी ओळखायची तर विकासकांच्या घोषणा नियमित वाचाव्या लागतात. एप्रिल २०२१ मध्ये मोठी जहाजं बांधायला लागणाऱ्या सामग्रीत बदल झाले. बॅटलशिप आणि कॅपिटल जहाजं महागणार हे घोषणेतच स्पष्ट होतं. ज्यांनी तयार जहाजं आधी घेऊन ठेवली त्यांनी कमावलं. मात्र साठेबाजीत मी भांडवलाचा पाचवा हिस्साच घालतो, आणि बदल प्रत्यक्ष लागू होण्याआधीच अर्धा माल काढून टाकतो, कारण त्या दिवशी सगळेच विकायला येतात.

भारतात बसून खेळणाऱ्यांना वेळेचा एक फायदा आहे. सर्व्हर रोज खेळाच्या घड्याळाप्रमाणे (यूटीसी) ११ वाजता बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार. युरोपातली संध्याकाळची गर्दी आपल्याकडे रात्री साडेदहा-अकरानंतर चढते आणि अमेरिकेची आपल्या पहाटे-सकाळी. संध्याकाळी कामावरून आल्यावर एकदा विक्रीचे भाव नीट लावले की ऐन गर्दीच्या वेळी तुमचा माल वर असतो, आणि सकाळी ऑफिसला निघण्याआधी खरेदीत काय आलं ते बघता येतं. दिवसात दोन वेळा. पूर्ण दिवस खिडकीसमोर बसणाऱ्याशी तुम्ही भाव पाडण्यात जिंकणार नाही, आणि आता बदलाला शुल्क असल्यामुळे जिंकायची गरजही उरलेली नाही. शनिवार-रविवारी खप वाढतो, म्हणून खरेदीच्या ऑर्डरी आठवड्याच्या मध्यावर भरून घ्या.

शेवटी वहीचा मुद्दा. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये प्रत्येक मालाला एक ओळ: खरेदीचा सरासरी भाव, दोन्हीकडची दलाली, बदलाचं शुल्क, विक्रीकर, विकायला लागलेले दिवस. वॉलेटच्या जर्नलमध्ये दलाली आणि कर वेगळे नोंदलेले असतात, ते तिथून उचला. तुमच्या मागच्या दोन महिन्यांचा हिशेब याच पद्धतीने काढा. माझा अंदाज आहे की तुमच्या यादीतले काही प्रकार नियमित कमावत असतील आणि बाकीचे ती कमाई गिळत असतील. जो माल १५ दिवसांत गेला नाही तो आज आहे त्या खरेदीच्या भावाला टाकून द्या. त्यावर दलाली लागत नाही, फक्त विक्रीकर लागतो, आणि पैसा आजच मोकळा होतो. मग त्या पैशात आधीपासून चालणाऱ्या प्रकारांची संख्या वाढवा, दोन्ही कौशल्यं शिकायला लावा, आणि पुढचे चार आठवडे जिटाबाहेर काही नेऊ नका. चार आठवड्यांनी हाताशी आलेल्या नफ्यातूनच डोडिक्सीची पहिली खेप भरा, मूळ भांडवलाला हात न लावता.